खुर्ची दोन्हीत करकरते

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार तुला नि मामीला, अर्धा-अर्धा वाटून घ्या. फोन केला की मामी उचलते नि म्हणते, "हे कामात आहेत, पत्र लिही." मेसेज केला तर तुझा चष्मा सापडत नाही. म्हणून बसले शेवटी कागद घेऊन. तुझी भाची सदतीस वर्षांची झाली तरी तुझ्यासमोर वहीच उघडायची!

तर ऐक. मला एक मोठं काम मिळालंय. पूर्ण लांबीचं नाटक, मोठ्या रंगमंचावर, सतरा ठिकाणी संगीत. दिग्दर्शिका म्हणजे एक नंबरची खडूस बाई आहे, पण माझ्यावर विश्वास टाकलाय. १० मार्चला सगळं तिच्या हातात द्यायचंय. ऑफिस सोडून वर्ष झालं, आतापर्यंत जाहिराती नि शाळांची गॅदरिंगं यांवर चालवलं. हे जमलं तर मी संगीतवाली. नाही जमलं तर पुन्हा विम्याच्या ऑफिसात जाऊन लोकांच्या आगी नि चोऱ्या तपासत बसणार.

आता खरी गोष्ट. मला एक सिंथेसायझर घ्यायचाय. पेटीतला नव्हे, कॉम्प्युटरमधला. नुसतं सॉफ्टवेअर. पडद्यावर बटणं, पट्ट्या, चकत्या, हात लावायला काहीही नाही. पण आवाज किती म्हणशील? हजारो. वारा, काच, घंटा, माणसांचा समूह, कधी न बनलेली वाद्यं. तुझ्यासारख्या पियानोवाल्याला चक्कर येईल. उतरवून घ्यायलाच पूर्ण दुपार गेली आणि माझ्या कॉम्प्युटरची अर्धी जागा त्याने गिळली. म्हणजे कॉम्प्युटरही नवा लागणार. किंमत लिहीत नाही, मामी पत्र वाचते. पैशाची सोय मी करतेय, ते विचारू नकोस.

तीस दिवस फुकट वापरून बघायला दिलाय. १ तारखेला सुरू केला. २ मार्चला बंद. रोज सकाळी उघडलं की कोपऱ्यात लिहून येतं, इतके दिवस उरले. डोक्याला नुसता भुंगा लागलाय. घेऊ की नको? सकाळी वाटतं घ्यावा, दुपारी वाटतं वेड लागलंय मला, संध्याकाळी पुन्हा वाटतं घ्यावाच. खुर्चीवर दहा मिनिटं टेकवत नाही. तू सांग. पन्नास वर्षं लोकांचे पियानो लावलेस, तुझ्या कानापेक्षा मोठं कोर्ट मला माहीत नाही.

लगेच लिही.
भिंगरी

ता.क. मागच्या पावसाळ्यापासून तू माझा पियानो लावायला आला नाहीस. खालच्या बाजूला एक पट्टी रेंगाळते. येशील तेव्हा बघ.


८ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, ओळ सोडून पळणारं. आठ वर्षांची होतीस तेव्हाही दुकानात एका जागी बसायची नाहीस, म्हणून तर हे नाव पडलं.

तुझं ते यंत्र मला नीटसं कळलं नाही. एक विचारतो. त्याचे सूर उतरतात का? म्हणजे हवा बदलली, उन्हाळा आला, कुणी दोन महिने हात लावला नाही, तरी ते जसंच्या तसं राहतं का? त्याला लावायला कुणी यावं लागत नाही ना? एवढं मात्र नक्की कळव.

माझं ठीक. शाळेच्या सभागृहातल्या पियानोचं काम सोडलं. गुडघा. जिना चढवत नाही. दुकानात दोन जुने पियानो सुट्टे करून ठेवलेत, लाकूड घासत बसतो. लाकूडकाम बरं. मामी म्हणते मी चिडका झालोय. तिचं म्हणणं तिच्यापाशी.

तुझ्या पियानोचं बघू. गुडघा बरा झाला की.

पैशाचं विचारत नाही, पण कर्ज काढू नकोस.
मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

नाही, त्याचे सूर उतरत नाहीत! कधीच नाही! लावायला कुणी नको. तू विचारलंस नि मला हसू आलं, स्वतःचा धंदा बुडवणारा प्रश्न तूच विचारतोस.

मी आठ दिवस काय केलं सांगू? आवाज ऐकले. एक ऐकला, छान वाटला, पुढचा ऐकला, तो त्याहून छान. वारा या एकाच खणात तीनशे प्रकार. नाटकात एका घराची दारं उघडतात नि मिटतात, बाकी फारसं घडत नाही, आणि मी दारासाठी वारा शोधत बसलेय. सतरापैकी लिहिले किती? एक. चाळीस सेकंदांचा. दिग्दर्शिका रोज विचारते, मी रोज सांगते, होतंय. जेवतानासुद्धा पाय हलत असतो माझा.

म्हणून आज ठरवलं, आता परीक्षाच घ्यायची. पाकिटात पेनड्राइव्ह आहे. मामीच्या रेडिओला मागे लागतो, मामीला लावता येतो. त्यात दोन फायली आहेत, एक नि दोन. तोच चाळीस सेकंदांचा तुकडा. एकदा मी आपल्या पियानोवर वाजवला, तू मला उभा करून दिलेल्या, समोर माइक ठेवून. एकदा तोच सिंथमधल्या पियानोवर वाजवला. कोणता कुठला ते मी सांगत नाही. तू ओळख, नि कोणता सरस ते सांग. सिंथमधला पियानो तुझ्या पियानोच्या तोडीचा निघाला तर प्रश्न मिटला, मी घेते.

मी काढल्या काढल्या दोन्ही ऐकल्या. काही बोलणार नव्हते, पण राहवत नाही. एकात जरा अंग चोरल्यासारखं वाटतं. दोनमध्ये आवाज कसा मोकळा, भरलेला. माझ्या अंगावर काटा आला. पण जाऊ दे, तू माझं ऐकू नकोस. तू फक्त कानाने ऐक.

अठरा दिवस उरलेत. उशीर करू नकोस रे.
भिंगरी


१७ फेब्रुवारी

भिंगरे,

ऐकलं. दोन दिवस ऐकलं.

एक नंबर माझा पियानो. शंभर टक्के. त्याच्या हातोड्यांवरची लोकरीची बनात मी बदलली होती, तिचा स्पर्श ओळखू येतो. वरच्या पट्ट्या जरा कोरड्या लागतात, ते वयामुळे. त्याच्या नि माझ्याही.

दोन नंबर यंत्र. पण खरं सांगायचं तर यंत्रच सरस आहे. वरच्या पट्ट्या काचेसारख्या स्वच्छ. खालचा आवाज भरलेला, मोकळा. माणसाने केलेलं लाकूड एवढं एकसारखं कधी वाजत नाही. तू म्हणतेस ते बरोबर आहे.

तेव्हा घे. जास्त विचार करू नकोस. आणि एकदा घेतलास की त्या पियानोच्या मागे लागू नकोस, सहा-सहा महिन्यांनी मामा कधी येतो म्हणून वाट बघणं नको. आमच्या कामाचे दिवस गेले. तुला कामाचे दिवस यायचेत.

घे. आशीर्वाद आहे.
मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

तू ऐकलंच नाहीस.

मी खूप चिडलेय, म्हणून आधीच सांगते, अक्षर वाचता आलं नाही तर मामीकडून वाचून घे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी घरात नाचले. खरंच नाचले, खालच्या मजल्यावरच्या आजींनी काठी ठोकली. तशीच ते पत्र नि त्या दोन फायली घेऊन तालमीला गेले, म्हटलं दिग्दर्शिकेलाही ऐकवावं, पन्नास वर्षांचा कान काय म्हणतो ते सांगावं. तिने दोन्ही ऐकल्या. पुन्हा ऐकल्या. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "हल्ली सॉफ्टवेअरबरोबर खुर्चीपण देतात का?"

मला कळेना. ती म्हणाली, "मधे एक खुर्ची करकरते. दोन्हीत करकरते. त्याच ठिकाणी."

माझी खुर्ची, मामा. पियानोपुढची. डावीकडे झुकलं की करकरते. सिंथमध्ये खुर्ची कुठून येणार, त्यात तर खोलीच नाही! घरी धावत आले, उघडून बघितलं. फायली काढताना दोन्ही वेळा सिंथचा ट्रॅक बंद नि पियानोचा चालू राहिला होता. म्हणजे एक नंबरही पियानो नि दोन नंबरही पियानो. एकदाच वाजवलेली तीच चाळीस सेकंदं, दोनदा. यंत्र त्यात नव्हतंच.

आता तुझं पत्र पुन्हा वाच. "दोन नंबर यंत्र." "एकसारखं." आणि वरच्या पट्ट्या! त्या तुकड्यात वरच्या पट्ट्या आहेत कुठे? सगळा तुकडा मधल्या नि खालच्या बाजूला आहे. कोरड्या लागतात म्हणे, काचेसारख्या म्हणे. नसलेल्या पट्ट्यांचं वर्णन करून पाठवलंस मला.

तुला वेळ नव्हता तर तसं सांगायचं. कंटाळा आला होता तर तसं सांगायचं. मी काय परकी होते? मी तुझ्या एका शब्दावर काय करायला निघाले होते ठाऊक आहे? विचारू नकोस म्हटलं होतं ना, आता ऐकच. तुझा पियानो विकतेय मी. त्या पैशात सिंथ नि कॉम्प्युटर दोन्ही होतात. एका दाताच्या डॉक्टरला हवाय, वेटिंग रूममध्ये शोभेला, वर फुलदाणी ठेवणार आहेत. २८ तारखेला हमाल येणार. तुझं "घे" वाचून मी त्यांना होकार देऊन टाकला.

म्हणजे मी तुझा पियानो विकावा असं तूच सांगितलंस, न ऐकता.

मी आता कुणाला विचारू?
भिंगरी


२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. ते दुकानात मागे बसलेत, तुझं पत्र हातात घेऊन. परवापासून नीट जेवले नाहीत. तू बोललीस ते तुझ्या जागी बरोबर आहे, पण तुला माहीत नसलेलं एक आहे, आणि मला आता ते पोटात ठेवायचा कंटाळा आला.

ह्यांना ऐकू येत नाही. अगदीच नाही असं नव्हे. खालचं, जाडं येतं. वरचं, बारीक, दोन वर्षांपासून जवळजवळ गेलं. फोनवरचं बोलणं लागत नाही म्हणून मी उचलते नि कामात आहेत म्हणून सांगते. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. गुडघा माझा दुखतो. हे शाळेचा पियानो लावून आले नि दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंचा निरोप आला, वरच्या बाजूला बेसूर वाटतंय, पुन्हा बघाल का. किती अदबीने बोलल्या बिचाऱ्या. हे गेले, पुन्हा लावला, पुन्हा तेच. घरी आले, तारा पिळायची किल्ली खिळ्याला टांगली, ती आजतागायत तिथेच आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर वसकन अंगावर येतात. म्हणतात, पियानोवाला बहिरा झाला हे गावभर करायचंय का तुला?

तुझी ती फीत की काय आली तेव्हा दोन दिवस रेडिओपुढे बसून होते. कान लावला, हात ठेवला, हनुवटी टेकवली. मलाही शेजारी बसवलं. विचारलं, तुला कोणतं बरं वाटतं? मी म्हटलं, मला दोन्ही सारखीच वाटतात. तर माझ्यावर केवढ्याने ओरडले! "पन्नास वर्षं माझ्याबरोबर राहून कान तयार झाला नाही तुझा!" आता तुझं पत्र वाचून दाखवताना मीच हसले नि मीच रडले.

मग तुझंच पत्र पुन्हा पुन्हा वाचलं त्यांनी, नि त्यात तुला काय आवडलंय ते शोधून तेच लिहिलं. तुला हवं ते तुला मिळावं, आणि तुझा पियानो लावायला जायची वेळ आपल्यावर येऊ नये, या दोन्हींसाठी. खोटेपणा आहे, मी नाही म्हणत नाही. पण कंटाळा नव्हता गं.

पियानो गेला असेल तर गेला. ह्यांना सांभाळून लिही एवढंच.

मामी


२७ फेब्रुवारी

मामा,

मामीवर चिडू नकोस. चिडलास तर मी तिथे येऊन तुझ्याशी भांडेन, खालच्या पट्टीत, म्हणजे तुला सगळं ऐकू येईल.

मला तुझी माफी मागायचीय. आणि एक गोष्ट कबूल करायचीय, जी मी मागच्या पत्रात सफाईने लपवली. १२ तारखेचं माझं पत्र काढ. "एकात अंग चोरल्यासारखं वाटतं. दोनमध्ये आवाज कसा मोकळा, भरलेला. अंगावर काटा आला." कुणी लिहिलंय? मी. दोन्ही सारख्याच होत्या नि मला त्यात फरक ऐकू आला! तुला ऐकू येत नव्हतं म्हणून तू चुकलास. मला तर ठणठणीत ऐकू येतं. माझे कान हौसेने गेले होते. दोन नंबर म्हणजे सिंथ, असं डोक्यात धरून बसले नि काटा आणून घेतला अंगावर. आणि तुझ्यावर ओरडताना हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याची लाज वाटते.

त्यातही कहर काय, तर तो काटा तुझ्या पियानोने आणला होता. ज्या आवाजासाठी मी पियानो विकायला निघाले, तो आवाज पियानोचाच होता.

मामीचं पत्र परवा सकाळी आलं. मी दोन दिवस सिंथ उघडलाच नाही. पियानोपुढे बसले. पहिला तास अंग नुसतं वळवळत होतं, उठावं, काहीतरी उघडावं, पुढचा आवाज ऐकावा. पण पियानोला पुढचा आवाज नाही. आहे तोच. मग मुकाट्याने त्यातच शोधायला लागले. दोन दिवसांत सहा तुकडे झाले. त्या रेंगाळणाऱ्या पट्टीवरच मी दार मिटायचा तुकडा बांधलाय, आता ती दुरुस्त करू नकोस. दिग्दर्शिकेने ऐकलं नि पहिल्यांदाच "हं" म्हणाली. तिचं "हं" म्हणजे टाळ्या समज.

आज शेवटचं म्हणून सिंथ उघडला, शांतपणे, काय चांगलं आहे ते बघायला. आहे, मामा. एक खोल, लांब घुमणारा आवाज त्यात बनवता आला, जमिनीखालून येतो तसा, लाकडातून तो कधी निघाला नसता. तो नाटकासाठी नोंदवून ठेवला. यंत्र वाईट नाही. पण महिनाभर मी त्याच्यावर काम केलं नाही, त्याच्या मागे लपून बसले. काही लिहायचं नाही, फक्त निवडत राहायचं. लिहिलं की चुकतं, नि चुकलं की पुन्हा विम्याचं ऑफिस, ही भीती होती. ती काय सिंथ घेतल्याने जाणार होती? २ तारखेला बंद होईल तर होऊ दे. घेत नाही.

दाताच्या डॉक्टरांना नाही सांगून आले. ते म्हणाले, "दुसरं गिऱ्हाईक मिळालं का?" मी म्हटलं, "नाही, माझ्या कानांचा घोळ झाला होता." तर म्हणाले, "कानाचे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात." मी खरंच वर जाऊन त्यांच्या वेळा विचारून आले. तुझ्यासाठी. पाकिटात चिठ्ठी आहे. फाडू नकोस.

आता माझी मागणी. नाटकाचं मुख्य संगीत मला ५ नि ६ मार्चला पियानोवरच नोंदवायचंय. पियानो वरच्या बाजूला पार उतरलाय. दुसरा कुणी लावणारा मी बोलावणार नाही. तू ये. लहानपणी दुकानात तू मला स्टुलावर बसवून शिकवायचास, आठवतं? दोन तारा एका सुरात नसल्या की आवाज डुलतो. तू किल्ली फिरवायचास, डुलणं हळू हळू व्हायचं, नि जिथे पूर्ण थांबेल तिथे मी ओरडायचं, "थांबला!" मी अजून ओरडू शकते.

येशील ना? नाही म्हणालास तर मी पियानो बेसूरच नोंदवेन नि कार्यक्रमपत्रिकेवर तुझं नाव छापेन.

तुझी
भिंगरी


२ मार्च

भिंगरे,

मामीने तुला पत्र लिहिलं ते मला त्याच दिवशी कळलं होतं. खणातली पाकिटं मी मोजून ठेवतो. तिने लिहिलं नसतं तर मला कधीच लिहवलं नसतं.

मला शरम वाटत होती. हे एक वाक्य लिहायला चार कागद फाडले. ज्या माणसाला लोक सुरासाठी बोलावतात त्याला सूरच लागत नाही, हे तुला तरी कसं सांगायचं? तू मला कोर्ट म्हणालीस. त्या पत्राने मी जास्तच घाबरलो.

पियानो विकायला निघाली होतीस याचा राग आला. खरंच आला. फुलदाणी! पण विकून टाक म्हणून मीच लिहिल्यासारखं झालं, तेव्हा तो राग कुठे ठेवायचा ते कळेना. मामीने सांगितलं, गिळा. गिळला.

चिठ्ठी फाडली नाही. कानवाल्याकडे जाईन, तिथे तूही चल. एकटा गेलो तर तो काय म्हणाला तेच मला ऐकू यायचं नाही.

४ तारखेला दुपारच्या गाडीने येतो. किल्ली खिळ्यावरून काढली, गंज पुसला. खालची बाजू मी हाताने लावीन, लाकडावर तळवा ठेवला की मला डुलणं अजून कळतं. वरची बाजू तुझी. मी फिरवतो, तू ओरड. पण नीट बसून ओरड, घरभर फिरत नव्हे.

तो जमिनीखालचा आवाज मला ऐकव. तो लागेल मला बहुतेक. पुढे कधी नाटकं चालली, पियानो जागेवर राहिला, आणि तरीही ते यंत्र हवंसं वाटलं, तर घे. तेव्हा मला विचारू नकोस.

आणखी एक. काल तो पेनड्राइव्ह पुन्हा लावला नि रेडिओच्या डब्यावर हात ठेवून बसलो. मधे एक करकर लागते, हाताला. एकमध्येही लागते नि दोनमध्येही. पहिल्या दिवशीच लागली होती मला. मी म्हटलं, डबा जुना झालाय, मामीला सांगून दुरुस्त करून घ्यायला हवा. त्या चाळीस सेकंदांत तेवढी एकच गोष्ट मला खरी ऐकू आली होती, आणि तीच मी लिहिली नाही.

खुर्चीला तेल घालू नकोस.

मामा